पाइपच्या दुसऱ्या टोकाचं पाणी

शहरात तिला सगळे केमिस्टबाई म्हणत, आणि त्यामुळे तिची एक कायमची पंचाईत होऊन बसली होती. कोणी ना कोणी तिला रस्त्यात गाठायचं आणि डोकेदुखीवर कोणती गोळी चांगली, खोकल्याचं औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर, असं विचारायचं. ती औषधांच्या दुकानातली केमिस्ट नव्हती, पाण्याची होती. पण हे समजावत बसण्यापेक्षा "डॉक्टरांना विचारा" म्हणून पुढे सटकणं सोपं, हे ती लवकरच शिकली. तिच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो म्हणायचा, "माझ्याकडे लोक डोळे घेऊन येतात, तुझ्याकडे डोकी. दोघं मिळून दवाखानाच काढू या."

पाण्याचं वेड तिच्यात वडिलांकडून आलं होतं. नाना एका लहानशा गावात पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्हमन होते. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह किती फिरवला की वरच्या आळीतल्या नळाला धार येते, हे सगळं त्यांच्या मनगटात होतं. ती अगदी लहान असताना गावात पाण्यातून हगवणीची साथ आली. घराघरांत माणसं आडवी झाली, आणि तिचा मोठा भाऊ त्यात गेला. दुसऱ्या दिवसापासून नाना ब्लिचिंग पावडरची बादली खांद्याला अडकवून टाकीच्या शिडीवर चढू लागले. खाली उतरायचे तेव्हा डोळे लालभडक असायचे. ते पावडरीनं झाले की रडून, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि पुढे कधी विचारायचा धीर झाला नाही. साथ हटली. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत नानांनी एक दिवसही ती बादली चुकवली नाही.

घरात मग एक रीतच पडून गेली. सकाळी नळ सोडायचा, पेला भरायचा, नाकाशी न्यायचा. क्लोरीनचा वास आला की नाना निर्धास्त. नाही आला, तर पाणी उकळल्याशिवाय कोणी तोंडाला लावायचं नाही. ती शिकली, रसायनशास्त्राची पदवी घेतली, प्रयोगशाळेत लागली, तरी पेला नाकाशी नेल्याशिवाय तिच्याही घशाखाली पाणी उतरत नसे. आई गेल्यावर नाना तिच्याकडेच राहायला आले, तेव्हा नवऱ्याला कळलं की ही खोड माहेरची आहे.

शहराला पाणी देणारा तलाव एकच होता, आणि सलग काही वर्षं तो भरलाच नाही. गाळ उघडा पडला, त्याला भेगा गेल्या. टँकर फिरू लागले. पहाटेपासून कॅन आणि बादल्यांच्या रांगा लागायच्या, आणि रांगेत नंबरावरून जुनी मैत्री तुटायची. तेव्हा शहरानं ठरवलं की वापरून झालेलं पाणीच पुन्हा पिण्याजोगं करायचं. मैलापाण्याच्या जुन्या केंद्राला लागूनच नवं केंद्र उभं राहिलं, आणि त्याच्या प्रयोगशाळेची जबाबदारी केमिस्टबाईवर आली.

लोकांनी नाक मुरडलं, हे ओघानंच आलं. तिच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू तर तिच्याकडे अशा बघू लागल्या, की जणू ती स्वतः गटारातून बादली भरून त्यांच्या दारात ओतणार आहे. ती शांतपणे सांगायची. जुन्या केंद्रात मैला खाली बसतो, जंतूंकडूनच घाण खाऊन घेतली जाते. मग पाणी आमच्याकडे येतं. आम्ही ते इतक्या बारीक पडद्यांतून दाबून काढतो, की मीठसुद्धा मागे राहतं. मग ते प्रखर दिव्यांखालून जातं. त्या दिव्यांच्या अतिनील उजेडात जंतू तग धरत नाहीत. काकू म्हणायच्या, "असेल बाई," आणि दार लावून घ्यायच्या.

चाचण्या सुरू झाल्या. पाणी पडद्यांतून, दिव्यांखालून जायचं आणि लांबलचक पाइपातून तलावाच्या काठापर्यंत पोचायचं. तिथे ते तूर्त जमिनीवरच्या एका टाकीत साठवून झाडांना सोडत. आकडे उत्तम होते. जंतू शून्य. उद्घाटनाचा महिना ठरला, मांडववाल्याशी बोलणंही झालं.

आणि तेव्हाच तिला पाइपच्या दुसऱ्या टोकाला तो सापडला.

क्लोरीन जंतू मारतो, पण तो काही जंतू बघून हात उगारत नाही. पाण्यात जे काही उरलंसुरलं असेल, त्याच्याशी तो जुळतो, आणि त्यातून नवीनच संयुगं तयार होतात. त्यातली काही अशी असतात की वर्षानुवर्षं पोटात जात राहिली तर कर्करोगाचा धोका वाढतो. हे तिला कॉलेजपासून ठाऊक होतं. म्हणूनच या केंद्रात पडद्यांच्या आधी नुसता क्लोरीन न घालता तो अमोनियाबरोबर घालत. असं केलं की एका जातीची वाईट संयुगं कमी होतात. पण दुसरी एक जात आहे, ती नेमकी या मिश्रणातूनच जन्मते. तिच्यातला सगळ्यात चिवट पदार्थ इतका लहान, की त्या बारीक पडद्यांतूनही निम्मा निसटतो. नाव उच्चारता उच्चारता जीभ अडखळावी असं. प्रयोगशाळेत सगळे त्याला आगंतुक म्हणत.

दिव्यांखाली आगंतुक फुटतो, नाहीसा होतो. दिव्यांच्या लगेच पुढच्या नळाचं पाणी तिनं तपासलं, तिथे तो नव्हता. पाइपच्या दुसऱ्या टोकाला मात्र होता. किती, तर पोहण्याच्या मोठ्या तलावात चिमटीभराहूनही कमी मीठ टाकावं इतका. पण या पदार्थाला तेवढंही खूप होतं. प्यायच्या पाण्यात जेवढा चालतो, त्याच्या कितीतरी वर.

तिनं बाटल्या बदलल्या, यंत्र पुन्हा जुळवलं, नमुने दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले. तिकडूनही तेच उत्तर आलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

केंद्राचे प्रमुख उंच, सडपातळ आणि अबोल होते. कर्मचारी त्यांना पाठीमागे खांब म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं. तिनं सगळं त्यांच्या कानावर घातलं. उद्घाटन तोंडावर आलेलं, रांगा रोज लांबत चाललेल्या. ते आपल्यालाच गप्प बसायला सांगतील, अशी तिनं मनाची तयारी केली होती. ते उठून खिडकीशी गेले आणि बाहेर टाक्यांकडे बघू लागले.

मग म्हणाले, "लोकांनी हे पाणी एकदा तोंडातून थुंकलं, की पुन्हा ते तोंडात घालणार नाहीत. उद्घाटन पुढे ढकलतो. तुम्ही शोधा."

तिला हायसं वाटलं, ते क्षणभरच. आता शोधायची जबाबदारी तिची होती.

तिचा पहिला संशय पाइपवर गेला. दिव्यांपाशी नाही आणि टोकाला आहे, म्हणजे मधेच कुठेतरी पाण्यात येतो. पाइपच्या सांध्यांमध्ये रबराच्या कड्या होत्या, आणि काही रबरांतून असला पदार्थ झिरपतो, हे तिनं वाचलं होतं. सगळं कसं चपखल बसत होतं. तिनं इतक्या ठामपणे सांगितलं, की प्रमुखांनी रस्ता खोदायची परवानगी आणली. भर वस्तीत खड्डे पडले, वाहतूक वळवली, दुकानदारांनी शिव्या घातल्या. तिच्या नवऱ्याच्या दुकानासमोरचा रस्ताही त्यातच आला. तो एवढंच म्हणाला, की आता गिऱ्हाइकांना चष्म्यावाचून खड्डा दिसतो की नाही, ते बघून मी नंबर काढतो.

कड्या काढल्या, पाण्यात भिजत ठेवल्या, तपासल्या. त्यांत काहीही नव्हतं. निव्वळ निर्दोष रबर. खड्डे बुजवायला मजूर आले तेव्हा ती तिथे उभी होती. एक जण फावडं टेकवून दुसऱ्याला विचारत होता, की नक्की काय शोधत होते इथे. दुसऱ्यानं सांगितलं, एका बाईला वास आला म्हणे. ती पुढच्या खड्ड्याकडे वळली.

उद्घाटन लांबल्यावर शहरात कुजबुज सुरू झाली. पाण्यात विष सापडलं, कोणी म्हणे किडे सापडले, कोणी म्हणे मुळात केंद्र चाललंच नाही. प्रमुखांनी ठरवलं, की शाळेच्या सभागृहात लोकांना बोलवायचं आणि जे आहे ते सांगायचं. सांगणार कोण, हा प्रश्नच नव्हता. ते स्वतः एक वाक्य बोलून खाली बसले असते.

सभागृह खच्चून भरलं. ती उभी राहिली तेव्हा माइक कुरकुरत होता. तिनं हातातला कागद खाली ठेवून दिला. काय सापडलं, किती सापडलं, त्यानं काय होऊ शकतं, हे तिनं साध्या शब्दांत सांगितलं. रस्ता खोदला तो आपल्या सांगण्यावरून, आणि तो अंदाज चुकला, हेही सांगितलं. खरं कारण अजून कळलेलं नाही, म्हणाली. मागच्या रांगेतला एक माणूस तावातावानं उठला. आमच्या बायका पहाटे उठून रांगेत उभ्या राहतात आणि तुम्ही चिमटीभर मिठाच्या गोष्टी सांगता, असा त्याचा सूर होता. त्याचं काही चुकत नव्हतं.

मग मधल्या रांगेतून एक बाई उभी राहिली. बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स होती, ड्युटीवरून तशीच आलेली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मला बाकीचं कळत नाही," ती म्हणाली. "माझ्या वॉर्डातल्या पोटुशा बायकांना मी काय सांगू, तेवढं सांगा."

केमिस्टबाई म्हणाली, "सध्या टँकरचंच पाणी प्या, म्हणून सांगा. आमचं पाणी अजून तयार नाही. तयार झालं की मी स्वतः तुमच्या वॉर्डात येऊन सांगेन."

नर्सनं मान डोलावली आणि खाली बसली. सभा काही टाळ्यांत संपली नाही. पण बाहेर पडताना लोक आपसात विषाबद्दल कमी आणि पाइपबद्दल जास्त बोलत होते, हे प्रमुखांनी नंतर तिला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून समोरच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारू लागल्या, "काय गं, सापडला का तो?"

खड्ड्यांची नाचक्की तिला बरेच दिवस टोचत राहिली. पण त्याच टोचणीतून ती नीट विचार करू लागली. पाइप पाण्याला देतो तरी काय? एक तर स्पर्श, दुसरा वेळ. इकडून निघालेलं पाणी तिकडे पोचायला दिवस उलटतो. स्पर्श तपासून झाला होता. वेळेकडे तिनं बघितलंच नव्हतं.

तिनं दिव्यांच्या पुढच्या नळाचं पाणी काचेच्या बाटल्यांत भरलं, झाकणं घट्ट लावली आणि अंधाऱ्या कपाटात ठेवून दिलं. पाइप नाही, रबर नाही, नुसती काच. पाइपातून जायला लागतो तेवढा वेळ जाऊ दिला आणि मग बाटल्या तपासल्या. आगंतुक हजर होता. कपाटात बसल्या बसल्या, बंद बाटलीत, तो आपोआप तयार झाला होता.

ती खुर्चीत मागे टेकून हसली. प्रयोगशाळेतल्या सहायकाला वाटलं, बाईंवर कामाचा ताण आला.

पुढचं कोडं मग एकेक पाकळी उलगडावी तसं सुटत गेलं. दिव्याखाली आगंतुक फुटतो खरा, पण फुटला तरी त्याचा एक तुकडा पाण्यातच राहतो. शिवाय तसलेच तुकडे आधीपासूनही पाण्यात असतात. ते इतके लहान, की पडद्यातूनही सुटतात. क्लोरीन-अमोनियाचं मिश्रणही थोडंफार शिल्लक असतं. पडद्यांतून आलेलं पाणी फार कोरं असतं, ते पाइपलाच खायला उठतं, म्हणून दिव्यांनंतर, त्या नळाच्या आधीच, त्यात थोडा चुना घालत. नेमकं चुना घातलेलं पाणी या दोघांना जुळायला सोयीचं. पाइपभर निवांत वेळ मिळाला की ते पुन्हा एकत्र येऊन आगंतुक उभा. म्हणजे तो कुठून येत नव्हता. आपणच त्याला सगळं साहित्य हातात देऊन पाइपात पाठवत होतो.

तर मग ते तुकडे इतके येतात कुठून? उत्तर शोधत ती जुन्या मैलापाण्याच्या केंद्रात गेली.

तिथले मुख्य ऑपरेटर म्हणजे दादा. ढेरपोटे, बोलके, रबरी बुटांत सगळं आयुष्य काढलेले. घाण लवकर खाली बसावी म्हणून पाण्यात पॉलिमर नावाचं चिकट द्रव्य घालतात. ते घाणीचे कण गोळा करतं आणि गोळे जड होऊन बुडतात. पाणी आटलं तसं शहराचं मैलापाणी दाट झालं होतं, आसपासच्या वस्तीतून वासाच्या तक्रारी यायच्या, म्हणून दादांनी पॉलिमरचा हात सढळ केला होता. त्याचा त्यांना अभिमान होता. ते तिला टाकीच्या काठावर घेऊन गेले आणि म्हणाले, की बघा, तळ दिसतो, मी तुमच्याकडे काचेसारखं पाणी पाठवतो.

पाणी खरंच नितळ होतं. आणि तिनं दोन्हीकडचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा ते तुकडे मुख्यत्वे त्या पॉलिमरमधूनच येत होते.

हे दादांना सांगायचं कसं, यावर तिनं दोन दिवस काढले. शेवटी सरळ सांगितलं. दादांचा चेहरा पडला. इतकी वर्षं शहराची घाण उपसली, कधी कोणी दोन शब्द चांगले बोललं नाही, आणि आता कर्करोग पण माझ्याच माथी, असं काहीसं ते पुटपुटले आणि तिला तिथेच सोडून पंपघराकडे निघून गेले. ती त्यांच्या मागे गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या पात्रांची रांग आणि ढवळायचं यंत्र गाडीत घालून ती पुन्हा दारात हजर झाली.

"दादा, मला तुमच्याइतकं मैलापाणी कळत नाही, आणि तुम्हाला माझी रसायनं कळत नाहीत," ती म्हणाली. "चूक कोणाची, ते राहू द्या. मी तर अख्खा रस्ता खोदून ठेवला होता. कमी पॉलिमरात घाण बसते का, एवढं दोघं मिळून बघू या."

रस्त्याची आठवण निघाली तसे दादा हसले. ते खड्डे त्यांच्या मेव्हण्याच्या दारात होते.

मग दोघं पात्रांच्या रांगेसमोर बसू लागले. प्रत्येक पात्रात तेच मैलापाणी, पॉलिमर मात्र वेगवेगळं. कुठे जोरात ढवळायचं, कुठे हळू, आणि मग स्वस्थ बसून गोळे खाली जाताना बघायचं. पहिले प्रयोग फसले, पाणी गढूळच राहिलं. एकदा वासानं वस्तीतली माणसं भांडायला आली आणि दादांनी त्यांना हात जोडून परत पाठवलं. हळूहळू गणित जमत गेलं. दुसऱ्या जातीचं पॉलिमर आणलं, त्यात ते तुकडे जवळपास नव्हतेच. ते बेतानं घालून बराच वेळ संथ ढवळलं, की घाण तेवढीच छान बसायची. पुढच्या टाकीत हवा थोडी जास्त वेळ सोडली, की उरलेले तुकडे तिथले जंतूच खाऊन टाकायचे. हवेची युक्ती दादांची. पॉलिमर तिनं शोधलं. पण केंद्रावर आलेल्या पाहुण्यांना दादा दोन्ही आपलीच म्हणून सांगत, आणि ती ऐकून गप्प बसत असे.

आता तिच्या बाजूचं काम राहिलं होतं, आणि तेच तिला जड जात होतं. क्लोरीन-अमोनियाचं मिश्रण कमी करायचं होतं. ते घालायचं कशाला, तर पडद्यांवर जंतूंचा बुळबुळीत थर चढू नये म्हणून, आणि पुढे जंतू वाढू नयेत म्हणून. कमी करायला हवं हे तिला कळत होतं. पण कमी करायची वेळ आली की तिचा हात आखडत असे. माणसाचं वाईट करायला आगंतुकाला आयुष्यभराचा वेळ लागतो, जंतूंना चार दिवस पुरतात, हे तिनं घरातच पाहिलं होतं.

जेवताना हे बोलणं निघालं आणि नानांचा घास हातातच राहिला.

"तू औषध कमी करणार?" ते म्हणाले. "पाण्यातलं?"

तिनं समजावलं, की आधी पाणी इतकं स्वच्छ करतो, की औषधाला मारायला फारसं काही उरत नाही. दिवे जंतू मारतात. शेवटी, पाणी शहराच्या नळांत जायच्या वेळी, क्लोरीन घालणारच आहोत, पण बेतानं. नानांनी ऐकून घेतलं. मग ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, की ज्या दिवशी नळाला वास येणार नाही, त्या दिवसापासून मी या घरातलं पाणी पिणार नाही. नवऱ्यानं उठून नानांचं ताट झाकून ठेवलं. घरात काही दिवस तिघंही जपून बोलत होती.

तिनं घाई केली नाही. मिश्रण पायरीपायरीनं उतरवलं. प्रत्येक पायरीला जंतूंची तपासणी, पडद्यांची तपासणी, आणि जरा जरी शंका आली तरी एक पायरी मागे. आगंतुकापायी जंतूंना वाट करून द्यायची नाही, हे तिनं प्रमुखांना आधीच बजावलं होतं, आणि प्रमुखांनी त्यावर नुसती मान डोलावली होती. दिव्यांची ताकद वाढवली. चुना घालायच्या आधी उरलेलं मिश्रण काढून टाकायची सोय केली. पाण्यानं पाइपात शिरावं ते रिकाम्या हातानं, असा सगळा बेत होता.

एका सुट्टीच्या दिवशी ती नानांना केंद्रावर घेऊन गेली. ते यायला तयार नव्हते. नुसते पंप बघा, म्हटल्यावर निघाले. पंपांपाशी ते खुलले, हात लावून थरथर बघितली, एका व्हॉल्व्हचं गळती रोखणारं पॅकिंग सैल आहे म्हणाले, आणि ते होतंही. मग तिनं त्यांना प्रयोगशाळेत बसवलं आणि समोर काचेच्या बशा मांडल्या. या बशांत जंतूंचं खाणं असतं. पाण्याचा थेंब टाकून उबेत ठेवलं, की एकेका जंतूचा ठिपका होतो. पहिली बशी दादांकडच्या पाण्याची. ठिपक्यांवर ठिपके, बोट ठेवायला जागा नाही. दुसरी पडद्यांनंतरची, तीत एखादाच ठिपका. शेवटच्या काही बशा दिव्यांनंतरच्या, वेगवेगळ्या दिवसांच्या, औषध सगळ्यात कमी केल्यानंतरच्या. त्या कोऱ्या होत्या.

नानांनी चष्मा पुसला. एकेक बशी उचलून उजेडाकडे धरली, तिरकी केली, पुन्हा बघितली. 

"आमच्या टाकीच्या पाण्याची अशी बशी कोणी केली नव्हती," ते शेवटी म्हणाले. "मी आपला वासावरच चालायचो."

"नाना, तेव्हा तेच बरोबर होतं. तुम्ही अख्खं गाव वाचवलंत."

"गाव वाचवलं," नाना म्हणाले. पुढचं त्यांनी म्हटलं नाही, आणि तिला ते ऐकू आलं. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. जरा वेळानं त्यांनीच विचारलं, की या शेवटच्या बशीतल्या पाण्याची चव कशी आहे. तिनं पेला भरून दिला. त्यांनी तो सवयीनं नाकाशी नेला, थांबले, आणि प्यायले. चव काही नाही म्हणाले. घरी परतताना बसमध्ये त्यांनी त्या सैल पॅकिंगची तिला दोनदा आठवण करून दिली.

पाइपच्या दुसऱ्या टोकाचे आकडे उतरायला लागले. आधी थोडे, मग झपाट्यानं, आणि एका सकाळी यंत्रानं दाखवलं, की आगंतुक आहे की नाही हेच आता सांगता येत नाही. तिनं लगेच कोणाला सांगितलं नाही. आठवड्यामागून आठवडे तपासत राहिली. दुसऱ्या प्रयोगशाळेचंही तेच उत्तर आलं, तेव्हा ती प्रमुखांच्या खोलीत गेली. ते उभे राहिले, तिच्याशी हात मिळवला आणि परत बसले. त्यांच्या मानानं हा जल्लोष होता.

मग ती बाळंतपणाच्या दवाखान्यात गेली. नर्स वॉर्डात कोणाचा तरी रक्तदाब बघत होती. तिला बघून जरा गोंधळली, मग ओळख पटली. पाणी तयार आहे, केमिस्टबाईनं सांगितलं. कशानं बिघडत होतं, काय केलं, आता किती आहे, हे सगळं पलंगांच्या मधोमध उभं राहून सांगितलं, कारण ऐकायला बायका मान उंचावून बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, तुमच्या घरी हेच पिणार का? हो, म्हणाली. माझे वडील तर केव्हाच प्यायले.

नर्सनं एक अट घातली. अधूनमधून नमुना भरताना मी येऊन उभी राहीन. केमिस्टबाई म्हणाली, याच. तेव्हापासून शहरातली दोन-तीन माणसं पाळीपाळीनं येऊ लागली. सभेत तावातावानं बोललेला तो माणूसही त्यांत होता, आणि तो सगळ्यात जास्त प्रश्न विचारायचा.

उद्घाटन मांडवाशिवायच झालं. एका सकाळी पाणी तलावात सोडलं, तलावातून नेहमीच्या जलशुद्धीकरणात, आणि तिथून घरोघर. लोकांना कळलं ते टँकर कमी झाल्यावर. पहिले काही दिवस काकूंनी पाणी उकळून घेतलं, मग कंटाळल्या. रांगा विरळ झाल्या आणि रांगेत तुटलेल्या काही मैत्री पुन्हा जुळल्या, काही नाही जुळल्या.

आता केमिस्टबाईच्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिली आहेत. नाना खूप म्हातारे झाले आहेत, दुपारभर खिडकीशी बसतात. दादा निवृत्त झाले, पण पॉलिमरची गोष्ट सांगायचे काही थांबलेले नाहीत. त्यांच्या जागी आलेली नवी ऑपरेटर शांत स्वभावाची आहे, आणि तिचं आणि केमिस्टबाईचं रोज फोनवर बोलणं होतं.

गेल्या हिवाळ्यात पाइपच्या टोकाचा आकडा पुन्हा जरा वर सरकला. मर्यादेच्या आतच होता, पण सरकला होता. पूर्वी अशा वेळी तिची भूक मरायची. या वेळी तिनं डबा खाऊन घेतला आणि मग फोन उचलला. थंडीनं टाकीतले जंतू मंदावले असणार, असं नवी ऑपरेटर म्हणाली. हवा थोडी जास्त वेळ सोडून बघते. आठवड्याभरात आकडा खाली आला. त्या आठवड्याचा नमुना भरताना नर्स आली होती. तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, दोन प्रश्न विचारले, आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून घाईघाईनं बसस्टॉपकडे निघाली.